बेलीफ आला तर दार लावू नकोस

आधी ते पाकीट फोड. कुठे ठेवलं असशील ते मला माहीत आहे, फ्रिजवर, औषधांच्या डब्याखाली. नको असलेले कागद आपल्याकडे पूर्वीपासून तिथेच जातात. काल फोनवर म्हणालीस, "ताई, उघडलं की मग सगळं खरं होतं." गो बाय, न उघडताही ते खरंच असतं. आतल्या कागदावर एक तारीख असते आणि ती तुझी वाट बघत थांबत नाही.

वकिलांच्या ऑफिसात इतकी वर्षं टायपिंग केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. वसुलीचे दावे सावकाराची बाजू फार भक्कम असते म्हणून निकाली निघतात असं नाही. समोरचा माणूस येतच नाही, म्हणून निघतात. लाज वाटते. कोर्टाच्या पायरीवर कुणी ओळखीचं दिसलं तर? रत्नागिरीत कुणी ना कुणी दिसणारच. दिसू दे. तेही तिथे काही फिरायला आलेले नसतात.

पाकिटातला कागद कुणी पाठवलाय ते आधी बघ. वकिलाच्या लेटरहेडवर असेल तर ती नुसती नोटीस, कोर्ट अजून लांब आहे. तरी उत्तर द्यायचंच. व्हॉट्सअॅपवर न्यायदेवतेचं चित्र, लाल अक्षरात 'अटक वॉरंट' आणि खाली वसुली एजंटचा मोबाईल नंबर असेल, तर ती निव्वळ धमकी. कोर्टाचं वॉरंट एजंटच्या मोबाईलवरून येत नाही. फायनान्स कंपन्या कधी लवादाची नोटीसही पाठवतात, पत्ता चेन्नईचा नाहीतर दिल्लीचा. ती मात्र रद्दीत टाकू नकोस, कारण करारातल्या बारीक अक्षरांत लवादाचं कलम बहुतेक असतंच. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमनच्या खटल्यात सांगितलंय. ही हरकत लेखी घ्यायची, स्पीड पोस्टाने पाठवायची आणि पावती जपायची.

खरं समन्स बेलीफ आणतो. त्यावर कोर्टाचा शिक्का आणि दाव्याचा नंबर असतो. शंका आली तर ई-कोर्ट्सच्या मोबाईल अॅपवर नंबर किंवा नाव टाकून बघता येतं. बेलीफ आला की पोराला पुढे करून "आई घरात नाही" म्हणायला लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. तिचा उपयोग शून्य. समन्स नाकारलं तरी ते बजावलं असं कोर्ट धरू शकतं, आणि घेतलंच नाही तर दारावर चिकटवलं जातं. म्हणजे तू ज्यांच्यापासून लपवत होतीस ती अख्खी वाडी ते वाचते.

साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते. कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवतं. पण कागदावर 'आदेश ३७' किंवा 'समरी दावा' असं दिसलं, तर १० दिवसांत हजेरी लावायची, आणि नंतर बचाव करायला कोर्टाची परवानगी मागायची. हे १० दिवस घरात कुणाला कसं सांगू या विचारात निघून जातात. त्यापुढे एकतर्फी हुकूमनामा, मग वसुलीची दरखास्त, मग जप्ती. एकतर्फी हुकूम रद्द करून मागता येतो, त्यालाही साधारण ३० दिवसच. आणि तेव्हा 'आधी का आला नाहीत' याचं उत्तर द्यावं लागतं.

तुरुंगाचं भूत डोक्यातून काढ. कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावरून कुणाला आत टाकत नाहीत. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: ऐपत असून लबाडीने टाळाटाळ करणारा वेगळा आणि ज्याच्याकडे खरंच नाही तो वेगळा. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला तर अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ आहे. कलम ६० मध्ये काय जप्त होत नाही याची यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माच्या रीतीने जे दागिने बाई उतरवू शकत नाही ते. तुझं मंगळसूत्र ओढून न्यायची भाषा तो एजंट करत होता ना? त्याला हे कलम विचार. भावोजींची सही असलेल्या कर्जात त्यांच्या पगाराचाही हिशेब ठरलेला आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावर जप्ती येते. म्हणजे २५,००० पगार धरला तर फार तर ८,०००. तेही एका हुकूमनाम्यापोटी जास्तीत जास्त २४ महिने.

चेकचं मात्र वेगळं, तिथे मी तुला धीर देणार नाही. कर्ज घेताना सही करून दिलेले कोरे चेक वटले नाहीत तर चेकच्या कायद्याचं कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर तिथेच मिटतं. नाहीतर केस, आणि तारखेला गेली नाहीस तर खरंखुरं वॉरंट. दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या कायद्याने तसाच गुन्हा होतो. म्हणून थोडेफार पैसे हाताशी आले तर ते आधी इथे. जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, असं करू नकोस.

आता कैफियतीत लिहायचं काय? 'माझ्यावर अन्याय झाला' लिहून भागत नाही. खातेउतारा माग. भरलेले हप्ते जमा धरलेत का ते बघ. दंडावर व्याज लावलंय का तेही बघ. क्रेडिट कार्ड सोडून बँका-फायनान्स कंपन्यांच्या बाकीच्या कर्जांवर दंडव्याज लावायचं नाही, फक्त दंड आकारायचा आणि त्या दंडावर व्याज चढवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. दावा मुदतीत आहे का, हेही बघायचं. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपायच्या आत तू 'येणे मान्य आहे' अशी सही दिलीस किंवा लेखी नोंद ठेवून थोडी रक्कम भरलीस, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सही घेऊन मुदत वाढवणं हे काही आजचं नाही. १८५९ साली इंग्रजांनी रयतेच्या भल्यासाठी म्हणून कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेतलं. शेवटी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं पेटवली. आपण शाळेत ते दख्खनचे दंगे म्हणून पाठ केलं. तुला मागच्या वर्षी मिळालेलं 'टॉप-अप' कर्ज आठव. जुनं थकलेलं त्यात घातलं, वर थोडे पैसे हातात दिले, तू खूश. ते त्या नव्या खताचंच भावंड आहे.

बुडवायला शिकवतेय असं समजू नकोस. घेतले ते द्यायचेत. पण देणं किती, ते हिशेबाने ठरू दे, भीतीने नको.

तुझ्या पतसंस्थेच्या कर्जाचं प्रकरण कोर्टात येणारच नाही बहुतेक. तिथे सहकार कायद्याचं कलम १०१ चालतं, लोक '१०१ चा दाखला' म्हणतात तेच. नोटीस येते सहायक किंवा उपनिबंधकांच्या कार्यालयातून. सरकारी ऑफिस आहे, न्यायाधीश नाहीत, म्हणून लोक ती हलक्यात घेतात. पण एकदा वसुली दाखला निघाला की संस्थेचा वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. त्यावर पुनरीक्षण मागायचं तर आधी येणे रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. निम्मे पैसे असते तर नोटीस आली असती का? म्हणून त्या सुनावणीला जायचं, म्हणणं लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची.

वकिलाची फी कुठून आणू म्हणालीस. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन करायचा तर १५१००. लोकअदालतीबद्दलही तिथेच विचार. तिथे तडजोड झाली तर ती हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून तिथल्या गर्दीत, सगळे सह्या करतायत म्हणून झेपणार नाही त्या आकड्यावर सही करू नकोस. तुझ्या संमतीशिवाय लोकअदालत काही लादू शकत नाही. 'एवढे जमणार नाहीत, एवढे जमतील' हे तोंडाने म्हणायचं. आणि हप्ते आपल्या घरच्या मिळकतीप्रमाणे माग: पावसाळ्यात लहान, एप्रिल-मेमध्ये आंब्याचे पैसे आले की मोठा. कोर्टही हुकूमनामा करताना हप्ते बांधून देऊ शकतं, पण मागितले तरच ना.

त्या आंब्यावरून सांगते. हे हप्ते भरायला वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून आगाऊ उचल घेऊ नका. एकदा उचल घेतली की पेटीचा भाव तो सांगेल तो.

तुझ्या क्रेडिट कार्डाचा हिशेब तू कधी मांडलाच नाहीस, म्हणून मीच मांडते. एक लाख थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, झाले ४,१३०. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तू ५,००० भरतेस. मुद्दल उतरतं ८७० रुपयांनी. ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची वेस घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला काढून टाकली. तेव्हा तिकडून कुणी वाचवायला येणार नाही. कार्ड कापून टाक आणि तडजोडीचं बोल. पाटल्या गहाण ठेवून त्याचे हप्ते भरणं मला पटत नाही, त्यात एकाची दोन व्याजं होतात. एखादी मोडायचीच असेल तर मोडून टाक. आईला मी सांगीन.

तडजोड ठरली की पैसे देण्याआधी कंपनीच्या कागदावर पत्र घे, आणि पैसे कर्जखात्यातच भर, एजंटच्या गुगल पेवर नाही. केस चालू असेल तर ती मिटल्याची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल झाली का ते स्वतः बघ, चेक परत घे, नो ड्यूज घे. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा काही वर्षं राहील. राहू दे. तुला सध्या नवं कर्ज न मिळणं हे चांगलंच आहे.

फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायची वसुलीवाल्यांना मुभा नाही. महिला गटाच्या फायनान्सला तर ९ ते ६ एवढीच. शिव्या दिल्या तर रेकॉर्ड कर आणि कंपनीकडे लेखी तक्रार दे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे पडत नाहीत, फोन १४४४८.

आणि पतसंस्थेच्या कर्जाला जामीन कोण आहे? तुझे दीर, हो ना? जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था आधी तुमच्याकडे न येता थेट त्यांच्या पगारावर गेली तरी कायद्याने तिला तसं करता येतं. त्यांच्या बायकोला अजून काही माहीत नाही म्हणतेस. तर उद्या सकाळी भावोजींना घेऊन त्यांच्याकडे जा, दोघं नवराबायको घरात असताना, आणि थकबाकीचा आकडा सांग, १०१ च्या सुनावणीची तारीखही सांग. ती चिडेल, बोलेल. ऐकून घे. निबंधकांच्या पाकिटातून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं तिला बरं वाटेल, आणि सुनावणीला तुम्ही चौघं एकत्र जाल.