अंगण, अंग आणि मन



काही वर्षांपूर्वी घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही एका वस्तीत गेलो होतो. तेथील एका बहिणीचे घर स्वच्छतेसाठी सर्वांना ठाऊक. अंगण सारवलेले, भांडी लख्ख. त्या दिवशी मात्र अंगणात कचरा, भांडी तशीच पडलेली आणि ती स्वतः विस्कटलेल्या केसांनी दारात उभी. आम्ही थट्टेने म्हणालो, "काय ताई, घराकडे लक्ष नाही वाटते आजकाल?" ती कसनुशी हसली. "काई नाई फादर, बरं हाये." आम्ही प्रार्थना केली, मिस्सा चुकवू नका असे सांगितले आणि पुढच्या घरी गेलो.

तीन महिन्यांनी कळले, तिला कित्येक आठवडे झोप नव्हती, घास उतरत नव्हता, मरणाचे विचार येत होते. मुलाने वेळीच डॉक्टरांकडे नेले. आज ती बरी आहे. पण जी खूण आमच्या डोळ्यांसमोर होती, ती आम्ही ओळखली नाही. उलट टोमणा मारला. म्हणून आजचा पाठ प्रथम आमच्यासाठी आहे.

स्वच्छतेवर आपण पुष्कळ बोलतो. हात धुवावेत, पाणी झाकून ठेवावे, डासांची पैदास होऊ देऊ नये. हे सर्व खरेच. पण नेहमी नीटनेटका राहणारा माणूस अचानक आंघोळ टाळू लागला, तेच कपडे दिवसेंदिवस घालू लागला, तर तो आळस असेलच असे नाही. नैराश्याच्या आजारात अंगातली शक्तीच जाते. बादलीभर पाणी काढणेही डोंगर चढण्यासारखे वाटते. उलट, कोणी स्वच्छ हातही तासन्‌तास पुन्हा पुन्हा धुतो. आपण त्याला हसतो, पण तोही मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

शरीर व आत्मा या दोन वेगळ्या खोल्या नाहीत. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि त्यांच्याच जोडीला झोप व स्नान! एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाला आंघोळीचा उल्लेख करणे कमीपणाचे वाटले नाही. पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्टा आठवा (१ राजे, अध्याय १९). तो झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाने त्याची विचारपूस केली ती त्यानंतर.

आपल्या वऱ्हाडाला हा धडा नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील शेणगावी १८७६ साली जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांची मने झाडीत. दारू, कर्ज, अंधश्रद्धा हे सारे ते चारचौघांत बोलून दाखवीत. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे निधन झाले. त्यांच्यामुळे गावाची घाण ही सर्वांची जबाबदारी ठरली. मनाचे दुखणे मात्र आपण अजून घराच्या आतच झाकून ठेवतो. मुलीचे लग्न जमणार नाही, लोक वेडा म्हणतील, ही भीती.

ती झाकणे काढली तर काय होते, हेही आपल्याच जिल्ह्यात दिसले आहे. 'संगत' या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविला. समाजातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू केले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी पूर्वी शंभरात जेमतेम ४ जण मदत घेत. दीड वर्षानंतर २७ जण घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ५.२ होते, ते २.५ वर आले. ज्या भागात कापसाच्या शेतकऱ्यांच्या घरी इतके अश्रू सांडले, तेथे ही लहान गोष्ट नव्हे.

मग आपण काय करावे?

१) खूण दिसली की टोमणा मारू नये, विचारपूस करावी. "काय झाले?" एवढे विचारून गप्प बसावे व ऐकावे.

२) आधी देवदूतासारखे वागावे. डबा न्यावा, पाणी तापवून द्यावे, लेकरांना दोन तास सांभाळावे.

३) झोप, भूक, उत्साह दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपला असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.

४) मरणाची भाषा कोणी केली तर ती थट्टा समजू नये. सरळ विचारावे, एकटे सोडू नये, फवारणीचे औषध कुलपात ठेवावे.

५) प्रार्थना जरूर करावी, पण गोळी बंद करून नव्हे. औषध घेणे ही श्रद्धेची उणीव नाही. मधुमेहाची गोळी आपण लपवतो का?

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांवर धूळ होती म्हणून तो रागावला नाही. तो खाली वाकला. या आठवड्यात आपल्या शेजारी कोणाचे अंगण बरेच दिवस झाडलेले नाही, हे पाहू या. खराटा घेऊन नव्हे, तर चहाच्या निमित्ताने त्या घरी जाऊ या. आम्हीही जाणार आहोत. आणि यावेळी "बरं हाये" ऐकून लगेच उठणार नाही.

कुटुंबात बोलण्यासाठी: आपल्या घरात "मला बरे वाटत नाही, मन लागत नाही" असे न घाबरता कोणापाशी सांगता येते?