सेसनॉक : कोळशाचे गाव, द्राक्षांचा प्रदेश

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात, सिडनीच्या उत्तरेस सुमारे १५० किलोमीटर अंतरावर हंटर नदीचे खोरे आहे. या खोऱ्यातील सेसनॉक या गावाच्या पश्चिमेस व वायव्येस पोकोलबिनचे द्राक्षमळे पसरलेले आहेत, तर पूर्वेस कुरी कुरीपर्यंत जुन्या कोळसा खाणींची वस्ती लागते. आपल्याकडे कोळसा विदर्भात आणि द्राक्षमळे नाशिककडे; त्या दोहोंमध्ये अर्धे राज्य पसरलेले. येथे मात्र एखाद्या तालुक्याएवढ्या भूप्रदेशात हे दोन्ही उद्योग शेजारी शेजारी वाढले. त्यांपैकी एक मावळला आणि दुसरा बहरला. हा बदल कसा घडला हे जाणून घेणे खाणक्षेत्रातील लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना उपयोगी ठरावे.

वस्तुतः द्राक्षे आधी आली. जॉर्ज विंडहॅम यांनी डालवूड येथे १८३० च्या सुमारास वेल लावला. जेम्स बस्बी यांनी युरोपातून जमविलेल्या वेलींची कलमे १८३२ मध्ये वसाहतीत आली व त्यांतील काही या खोऱ्यात रुजली. पोकोलबिनमध्ये टिरेल कुटुंबाने १८५८ मध्ये मळा सुरू केला, तो आजही चालू आहे. १८८६ मध्ये मात्र भूगर्भशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड यांनी ग्रेटा येथील कोळशाचा मोठा थर शोधून काढला आणि या भागाचे भाग्य पालटले. वायू तयार करण्यास हा कोळसा उत्तम ठरला. शहरांतील दिवे व चुली त्या वायूवर चालत असल्याने त्याला मोठी मागणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणींमागून खाणी निघाल्या, रेल्वेचे फाटे पडले, आणि शेतकऱ्यांच्या खेड्याचे खाणकामगारांचे शहर झाले.

ग्रेटाच्या कोळशात एक दोष होता : हवा लागली की तो आपोआप पेट घेई. सेसनॉकजवळच्या बेलबर्ड खाणीत १ सप्टेंबर १९२३ रोजी आग व स्फोट होऊन २१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मदतीसाठी खाली उतरलेल्या एका खाण-व्यवस्थापकाचाही समावेश होता. आग विझविण्यासाठी अखेर खाणीची तोंडे बंद करावी लागली. या दुर्घटनेनंतर राज्याने १९२५ मध्ये खाण-बचाव कायदा केला आणि बचावकेंद्रे उभारली. त्यांत प्रशिक्षित माणसे व श्वसनाची उपकरणे सदैव सज्ज राहू लागली. कायद्याची कलमे पुष्कळदा अशी कोणाच्या तरी मरणानंतर लिहिली जातात, हे बेलबर्डमध्ये ठळकपणे दिसते.

दुसरी घटना रोथबरीची. फेब्रुवारी १९२९ मध्ये खाणमालकांनी मजुरी कमी करण्याची मागणी केली. कामगारांनी ती नाकारताच टाळेबंदी जाहीर झाली आणि सुमारे १०,००० कामगार बेकार झाले. राज्य सरकारने रोथबरीची खाण बाहेरचे मजूर लावून चालविण्याचा घाट घातला. १६ डिसेंबर १९२९ रोजी जमलेल्या खाणकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात नॉर्मन ब्राऊन हा तरुण कामगार ठार झाला. टाळेबंदी १९३० च्या मध्यापर्यंत लांबली व कामगारांना कमी मजुरीवर परतावे लागले. नॉर्थ रोथबरीला त्याचे स्मारक आहे. द्राक्षमळ्यांकडे निघालेल्या पर्यटकाला रोथबरी हे नाव बहुधा मद्याच्या बाटलीवरून ठाऊक असते. १९२९ ची हकीकत त्याला कोणी सांगावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उतरती कळा लागली. आगगाड्या डिझेलवर धावू लागल्या, वायूची जागा तेलाने व पुढे नैसर्गिक वायूने घेतली, आणि खोऱ्याच्या वरच्या भागात खुल्या खाणी स्वस्त पडू लागल्या. कुरी कुरीजवळची रिचमंड मेन ही प्रचंड खाण १९६७ मध्ये बंद झाली. तिच्या विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. तेथे स्वयंसेवकांनी रेल्वे-संग्रहालय चालविले आहे. या परिसराला भेट देणाऱ्याने ते चुकवू नये, मळ्यांइतकाच वेळ द्यावा.

नेमके याच दशकात मळ्यांचे दिवस फिरले. सिडनीतील शल्यविशारद मॅक्स लेक यांनी १९६३ मध्ये पोकोलबिनला नवा मळा सुरू केला. त्यांच्यामागून शहरातील भांडवल व पर्यटक येऊ लागले. येथील सेमियोन या द्राक्षाचे मद्य कमी तीव्रतेचे असूनही वर्षानुवर्षे टिकते व मुरत जाते, अशी त्याची ख्याती आहे. मद्याविषयी वाचकांचे मत काहीही असो, एका पिकाने गावाला कसे नाव दिले हे पाहण्यासारखे आहे.

परंतु मळ्याने खाणीची जागा घेतली, असे म्हणणे फार सोपे ठरेल. द्राक्षतोडणी हंगामी असते. पाहुणचाराच्या धंद्यातील कामे वेगळ्या कौशल्याची व वेगळ्या वेतनाची. खाणीत काम केलेल्या माणसाला निवाऱ्याच्या कमाईची सवय असते, आणि त्याचा मुलगा आजही पुष्कळदा खोऱ्याच्या वरच्या भागातील खाणीतच कामाला जातो. सेसनॉक वाचले ते द्राक्षांमुळे जितके, तितकेच शेजारी दुसऱ्या खाणी चालू राहिल्यामुळे.

त्या दुसऱ्या खाणींचाही शेवट आता दृष्टिपथात आला आहे. लिडेल हे मोठे वीजकेंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद झाले. द्राक्षे व घोडेपैदास यांच्या क्षेत्रांना राज्य सरकारने विशेष दर्जा दिला आणि २०१३ मध्ये तेथे कोळशाच्या थरातील वायूसाठी नव्या कामांना मनाई केली. खाणगावांच्या भवितव्यासाठी स्वामित्वधनातून दरवर्षी अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बाजूला ठेवण्याचेही ठरले. स्वामित्वधनातून असा निधी ठेवण्याचा निर्णय खाणी चालू असतानाच झाला, ही बाब आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. सेसनॉकच्या खाणी बंद झाल्या तेव्हा अशी कोणतीच तरतूद नव्हती.

भारतात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या योजनेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या असून त्यासाठी वेगळ्या खात्यात रक्कम भरावी लागते. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतील पंचायतींनी आपल्या हद्दीतील खाणींच्या या योजना मागवून पाहाव्यात : जमीन कोणत्या स्वरूपात परत मिळणार, खड्ड्यात साठलेल्या पाण्याचे काय होणार, आणि खाणीवर पोट असलेल्या कुटुंबांसाठी त्यात एखादी तरी ओळ आहे काय?