पुष्परचना : एक पाठ

तथागतांस फुले अर्पिताना आपण त्यांच्या कोमेजण्यात देहाची अनित्यता पाहतो. जपानची इकेबाना कला अशाच पुष्पपूजेतून वाढली. क्योतोच्या रोक्काकुदो बौद्ध मंदिरातील भिक्षू सेन्केई यांच्या रचनेची नोंद १४६२ सालची आहे.

सोगेत्सु परंपरेचा पहिला पाठ तीन काड्यांचा. भांड्याचा व्यास आणि उंची यांच्या बेरजेच्या दीडपट पहिली काडी, तिच्या पाऊणपट दुसरी, दुसरीच्या पाऊणपट तिसरी. भांडे २० सेंमी रुंद व ४ सेंमी उंच असल्यास काड्या ३६, २७ आणि सुमारे २० सेंमीच्या होतात. त्यांचा कल अनुक्रमे १५, ४५ व ७५ अंश ठेवावा. देठ पाण्याखाली कापावेत, म्हणजे त्यांत हवा शिरत नाही.

सोनिवलीच्या विद्यार्थ्यास तगरीची फांदी व कल्याणच्या बाजारातील शेवंती पुरे. मोकळी जागा भरू नये. कोमेजलेले फूल मात्र स्वतःच्या हातांनी उचलावे; खरा पाठ तेथेच आहे.