वाचता न येणारा हुशार मुलगा

तुमच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी असेल पाहा. तोंडी प्रश्नाला त्याचे उत्तर तयार असते. सायकलची चेन निसटली तर सगळे त्यालाच हाक मारतात. पण गुरुजींनी "उभा राहून धडा वाच" म्हटले, की त्याचा चेहरा उतरतो. एकेक अक्षर लावत तो वाचतो, मध्येच ओळ चुकते, 'समुद्र'चे 'समुर्द' होते आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. कोणी त्याला 'ढ' म्हणतो, कोणी आळशी. तुम्हीही तसे म्हणत असाल, तर आधी एक जुनी हकिगत ऐका.

इंग्लंडमधील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलगा चलाख, खेळात तरबेज. त्याची दृष्टीही चांगली होती. सात वर्षे शिकूनही त्याला छोटे छोटे शब्द कसेबसे वाचता येत. स्वतःचे नाव लिहितानाही त्याने अक्षरांची अदलाबदल केली आणि ती त्याच्या ध्यानातही आली नाही. गणित मात्र त्याला आवडे. मोठमोठे गुणाकार तो झटपट व अचूक करी. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. मेंदूला इजा झाल्यावर काही प्रौढांची वाचनशक्ती जाते, हे तेव्हा ठाऊक होते. पर्सीला तर कसलीच इजा झालेली नव्हती. त्याचा दोष जन्मजात असावा, असे मॉर्गन यांनी सुचवले. आज या अडचणीला आपण डिसलेक्सिया म्हणतो.

आता असे का होते ते पाहू. बोलणे मूल आपोआप शिकते. घरात बोलणारी माणसे असली की पुरे. वाचन तसे नाही. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी खास केंद्र उत्क्रांत होणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक मुलाला पाहण्याच्या आणि बोलण्याच्या केंद्रांमध्ये नवा रस्ता बांधावा लागतो. हा रस्ता मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतो. काही मुलांमध्ये हे बांधकाम फार सावकाश होते, आणि बऱ्याचदा असे एकाच घरातल्या अनेकांच्या बाबतीत आढळते. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. डोळ्यांशीही नाही, त्यामुळे चष्मा बदलून उपयोग होत नाही.

बहुतेक मुलांची अडचण शब्दातले ध्वनी सुटे करण्यात असते. एक प्रयोग करा. 'कपाट' शब्दातून 'पा' काढला तर काय उरते? 'कट' हे उत्तर तुम्ही क्षणात दिले असेल. अशा मुलाला तेथेच थबकावे लागते.

आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, तेव्हा आपल्याकडे ही अडचण नसावी, असे तुम्ही म्हणाल. इंग्रजीत 'सी-यू-टी' कट आणि 'पी-यू-टी' पुट असा घोळ आहे, तितका आपल्याकडे नाही हे खरे. तरी 'दिवस'मधली वेलांटी आपण 'द'च्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. 'सूर्य'मधला र आधी उच्चारायचा, पण तो बसतो 'य'च्या डोक्यावर. 'चक्र'मधला र नंतर येतो आणि क च्या पायाशी चिकटतो. शिवाय घ-ध आणि भ-म ही जुळी भावंडे आहेतच! इटली, फ्रान्स व इंग्लंड येथील डिसलेक्सिया असलेल्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सोप्या स्पेलिंगमुळे इटालियन लोक अधिक अचूक वाचत होते, परंतु वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा जो भाग कमी काम करत होता, तो तिघांमध्येही तोच होता.

दुसरा प्रयोग घरी करा. वर्तमानपत्र आरशासमोर धरा आणि प्रतिबिंबातला मजकूर मोठ्याने वाचा. पाच ओळी झाल्यावर मित्राला त्यावर प्रश्न विचारायला सांगा. सारे लक्ष अक्षरे ओळखण्यात खर्च झाल्याने अर्थ निसटलेला असेल. डिसलेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरे उलटी दिसतात असा गैरसमज मात्र करून घेऊ नका. येथे साम्य आहे ते फक्त श्रमांचे. तुम्ही आरसा बाजूला ठेवू शकता, त्याला ते जमत नाही.

रोज असे श्रम आणि वर हसे. याचा परिणाम मनावर होतोच. कोणाचे पोट नेमके शाळेच्या दिवशी सकाळी दुखते आणि रविवारी दुखत नाही. कोणी विदूषक बनतो, कारण 'ढ' ठरण्यापेक्षा खोडकर ठरणे परवडते. कोणी बोलेनासा होतो. मूल नाटक करते असे मोठ्यांना वाटते, पण भीतीने पोट खरोखरच दुखते. मूळ अडचण वाचनाची असली, तरी ही दुसरी इजा आपण केलेली असते. मित्राची उदासी आठवडे टिकली, झोप उडाली, तर शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना सांगा. ही चहाडी नव्हे. २०२२ पासून सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

उपाय आहेत, पण ते चिकाटीचे आहेत. तोच धडा दहा वेळा लिहायला लावणे हा त्यातला नव्हे. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी एकेक करून, क्रमाने पक्की करावी लागते: आधी तोंडाने म्हणायचे, मग बोटाने वाळूत गिरवायचे, मग वाचायचे. रोज थोडा वेळ, पण नेमाने. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात. "त्याला फुकटचे गुण!" असे कुरकुरणाऱ्यांनी आरशाचा प्रयोग घड्याळ लावून करावा.

आणि शिक्षकांना एक विनंती. अशा मुलाला अवचित उभे करून वाचायला लावू नये. उद्या कोणता उतारा वाचायचा आहे ते त्याला आज सांगावे. तो घरी तयारी करून येईल. शेजारी बसणाऱ्याला एवढे जमेल: फळ्यावरचा गृहपाठ हळू आवाजात एकदा वाचून दाखवणे.