बी.एस्‌सी. कोणत्या विषयांत करावी?



बारावीचा निकाल लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून एकच प्रश्न विचारला जातो, "बी.एस्‌सी.ला कोणता ग्रुप घ्यावा?" ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचते आहे, त्या घराला वाया गेलेली तीन वर्षे परवडत नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात मांडले होते की, कला व कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही. त्याला विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते त्याच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने मदत करावी. आज विज्ञान शाखा आपल्या तालुक्याच्या गावी आली आहे. प्रश्न आहे तो विषय पारखून घेण्याचा.

आमचे पहिले सांगणे असे की, पदवीच्या नावाला भुलू नका. आधी हवे ते पद ठरवा, त्याची पात्रता वाचा आणि मग विषय घ्या. उदाहरण आपल्या जंगलाचेच घेऊ. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, सांख्यिकी, भूगर्भशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय लागतो. किंवा कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र ही नावे नाहीत. हे विषय हलके आहेत असे नव्हे. परंतु ज्याला वनसेवेत जायचे आहे, त्याने सोबत यादीतला एखादा विषय ठेवलाच पाहिजे. ताडोब्याच्या कुशीत वाढलेल्या मुलाला हे दार केवळ माहितीअभावी बंद होऊ नये.

या जंगलाच्या जमिनीखाली कोळसा, चुनखडी व लोहखनिज आहे. त्यामुळे भूगर्भशास्त्राकडे आपल्या मुलांनी अवश्य पाहावे. मात्र हा विषय प्रत्येक महाविद्यालयात मिळत नाही, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकाच्या परीक्षेला एम.एस्‌सी. लागते. म्हणजे तीन नव्हे, पाच वर्षांची तयारी हवी. लवकर मिळवते होणे भाग असेल, तर रसायनशास्त्र उपयोगी पडते. सिमेंट, कागद व औष्णिक वीज उद्योगांच्या प्रयोगशाळांत पाणी, कोळसा, चुनखडी यांची तपासणी रोजच चालते. गणित-भौतिकशास्त्र घेऊन पुढे बी.एड. केल्यास माध्यमिक शाळेची वाट मोकळी होते. बी.एस्‌सी. नर्सिंग चार वर्षांची आहे, पण तिच्यात पदवीबरोबरच व्यवसायही हाती येतो.

पालकांना विनंती की, प्रवेशापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: पदासाठी एकूण किती वर्षे लागतील, खर्च किती येईल आणि मधेच थांबावे लागले तर हाती काय उरेल. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांची चौकशी त्याच वेळी करा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

केवळ ऐकले म्हणून किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. शेजाऱ्याच्या मुलाने घेतला म्हणून विषय घेणे या शिकवणीत बसत नाही. आम्ही येथे लिहिलेलेही तसेच तपासा; भरतीची मूळ जाहिरात वाचा, मगच अर्ज भरा.

जय भीम!