कापलेला टॅक्स परत मिळवा, आपल्या हाताने

मुदत ठेवीवर वर्षभरात ६०,००० रुपये व्याज झालं, बँकेने त्यातले ६,००० टीडीएस म्हणून कापून घेतले आणि तुमचं एकूण उत्पन्न तर करपात्र मर्यादेच्या आतच आहे. मग ते ६,००० तुमचेच. फक्त मागावे लागतात, आणि मागायची जागा एकच: आयकर खात्याचं पोर्टल. पॅन, आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ घेऊन बसा. चला, एकेक पायरी करू.

१. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. गूगलवर शोधून जाहिरातीवर टिचकी मारू नका, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर तर मुळीच नाही. ‘जीओव्ही डॉट इन’ला चिकटून आणखी एक डॉट आणि पुढे काही शेपूट दिसलं तर पान बनावट आहे, लगेच बंद करा. तिरक्या रेषेनंतर आलेला मजकूर चालतो.

२. लॉगिन करा. पॅन क्रमांक हाच तुमचा युजर आयडी. पहिल्यांदाच येत असाल तर आधी ‘रजिस्टर’ करा आणि तिथे मोबाइल, ईमेल स्वतःचाच द्या. एजंटचा नंबर दिलात तर खात्याचे सगळे निरोप त्यालाच जातील.

३. पॅन आणि आधार जोडलेले आहेत का ते ‘लिंक आधार स्टेटस’मध्ये बघा. पॅन निष्क्रिय असेल तर रिफंड निघत नाही, म्हणून हे आधी निस्तरा.

४. ‘माय प्रोफाइल’मधून ‘माय बँक अकाउंट’मध्ये जाऊन खातं जोडा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. पॅनवर माहेरचं आणि पासबुकावर सासरचं नाव असेल तर खातं नापास होतं. आधी दोन्हीकडे एकच नाव करून घ्या. तुमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नवा आयएफएससी कोड घाला.

५. खातं ‘व्हॅलिडेटेड’ दिसलं की त्याच्यासमोरचं ‘नॉमिनेट फॉर रिफंड’ चालू करा. हे राहिलं तर खातं जोडूनही पैसे यायचे नाहीत.

६. ‘फॉर्म २६एएस’ उघडा आणि बँकेने कापलेली रक्कम त्यात शोधा. दिसत नसेल तर रिटर्न भरण्याची घाई नको. आधी बँकेत जा, दुरुस्ती त्यांनाच करावी लागते.

७. ‘ई-फाइल’मधून ‘फाइल इन्कम टॅक्स रिटर्न’ निवडा आणि कर निर्धारण वर्ष भरा. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नासाठी ते २०२६-२७ असतं. एक वर्ष पुढचं असतं, गोंधळू नका.

८. फॉर्म निवडा. पगार, पेन्शन, व्याज एवढंच उत्पन्न असेल आणि ते ५० लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’, पुरतो. धंदा असेल किंवा शेअर, घर विकलं असेल तर सीएला विचारून फॉर्म ठरवा.

९. आधीच भरून आलेले आकडे पासबुकाशी ताडून बघा. बचत खात्याचं व्याजही मोजा. ‘जास्त रिफंड काढून देतो, त्यातले थोडे टक्के माझे’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या देणग्या आणि खोटं घरभाडं दाखवून तो आपली टक्केवारी घेऊन जातो. रिटर्न मात्र तुमच्या नावावर असतं. चुकवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत दंड तुम्हाला होतो, त्याला नाही.

१०. रिटर्न सबमिट करा. ‘सहज’ची नेहमीची मुदत ३१ जुलै; शेवटच्या दिवशी पोर्टल रेंगाळतं, तेव्हा चार दिवस आधीच उरका.

११. लगेच आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. त्यासाठी ३० दिवस असतात, पण आज करतो, उद्या करतो म्हणता म्हणता राहून जातं, आणि व्हेरिफाय न केलेलं रिटर्न ग्राह्य धरत नाहीत. ओटीपी तुम्हीच पोर्टलवर टाका, फोनवर कुणालाही सांगू नका.

१२. आता थांबा. कधी आठवडाभरात पैसे येतात, कधी महिने जातात, आणि भामटे नेमके याच काळात गळ टाकतात. २०२३ मध्ये फिरलेला एक मेसेज बघा: १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, अमुक खात्यात जमा होईल, खाते क्रमांक चुकीचा असेल तर या लिंकवर दुरुस्त करा. तो क्रमांक मुद्दामच चुकीचा घातलेला! माणूस घाबरतो आणि दुरुस्त करायला धावतो. पत्र सूचना कार्यालयाने तो मेसेज बनावट असल्याचं जाहीर केलं होतं. तुम्ही पाचव्या पायरीवर खातं नेमून दिलंय, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. मेसेज पुसून टाका. एपीके फाइल आली तर उघडू नका. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

१३. पुन्हा स्वतः पत्ता टाइप करून पोर्टलवर जा आणि रिफंडची स्थिती बघा. ‘फेल्ड’ दिसलं तर घाबरू नका. खातं दुरुस्त करा, मग ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाका.

१४. आयकर खात्याच्या नावाने नोटीस आली तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, पोर्टलवर पडताळा. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. क्रमांक तिथे सापडला नाही तर उत्तर देऊ नका.

१५. चुकून लिंकवर माहिती भरली गेलीच, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा आणि पाठोपाठ बँकेला कळवून खातं, कार्ड थांबवा. कुणी रागावेल म्हणून लपवू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात.

१६. पैसे जमा झाले की पासबुक भरून घ्या आणि खात्याकडून आलेल्या ईमेलमधला आकडा त्याच्याशी जुळवा. रिफंडवर व्याज मिळालं असेल तर ती रक्कम वेगळी लिहून ठेवा. पुढच्या रिटर्नमध्ये ती उत्पन्न म्हणून दाखवावी लागते.