हयात आणि हैवान

प्रश्न : आखातात नोकरीसाठी जायचंय, म्हणून अरबी शिकतोय. प्राण्यांची नावं मूळ अक्षरांवरून लक्षात राहतील का?
– एक वाचक, टोकावडे (ता. मुरबाड)

उत्तर : अर्धीमुर्धीच. आपले ‘हयात’ आणि ‘हैवान’ अरबीतल्या जगण्याच्या एकाच धातूचे. तिथे हैवान म्हणजे कुठलाही प्राणी, तुमच्या गोठ्यातली गायसुद्धा! पण नावं पाठच करावी लागतात. मूळ अक्षरांतून शब्द घडवायचे साचे कामी येतात ते त्यापुढे. हसनचं लघुरूप हुसैन, तसं कल्ब म्हणजे कुत्रा आणि कुलैब म्हणजे छोटा कुत्रा. असद म्हणजे सिंह, मासदा म्हणजे सिंहांचा मुलूख. जागा दाखवणारा हाच ‘म’ मदरशात आहे. अनेकवचनं मात्र लहरी. कल्बचं किलाब, पण किर्दचं, म्हणजे माकडाचं, कुरूद. ती वहीत एकवचनाशेजारीच लिहा.